सैंधवाचे वय शोधणारे बिरबल साहनी

उपवासाच्या पदार्थांत घालतात ते सैंधव, म्हणजे शेंदेलोण, हल्ली 'गुलाबी मीठ' या नावाने पाकिटात महाग मिळते. पनवेल, उरण, पेणच्या मिठागरांत खाडीचे पाणी उन्हात आटवून मीठ पिकवतात. सैंधव मात्र खाणीतून काढतात. त्याची सर्वांत प्रसिद्ध खाण आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबमध्ये, मिठाच्या डोंगररांगेत खेवडा येथे आहे. हे मीठही एकेकाळी उथळ समुद्राचे पाणी आटूनच तयार झाले. पण केव्हा? या प्रश्नाने थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांना आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत गुंतवून ठेवले.

साहनींचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी भेरा या गावी झाला. मिठाची डोंगररांग तिथून फार दूर नाही. वडील रुचिराम साहनी लाहोरला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलाने सरकारी सेवेच्या परीक्षेला बसावे अशी त्यांची इच्छा होती; मुलाने वनस्पतिशास्त्र निवडले. १९११मध्ये ते केंब्रिजला गेले आणि तेथे सीवर्ड या नामवंत संशोधकाच्या हाताखाली दगड झालेल्या वनस्पतींचा अभ्यास करू लागले. १९१९मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते मायदेशी परतले. १९२१पासून अखेरपर्यंत त्यांची कर्मभूमी लखनऊ विद्यापीठ ही होती. १९३६मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध आला तो सह्याद्रीच्या काळ्या दगडामुळे. हा दगड म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचत, झाडे वाढत, मग नव्या लाव्हाखाली ती गाडली जात. नागपूरला लागून असलेल्या, पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडणाऱ्या सौंसर आणि मोहगाव कलान परिसरात अशा गाडलेल्या वनस्पतींचे अवशेष मिळतात. शेतकरी आज भातखाचरात खत म्हणून सोडतात त्या अझोलाची एक प्राचीन जातही साहनींनी तिथल्या दगडात ओळखली. खाडीकाठी वाढणाऱ्या निपा या पामवृक्षाची फळेही तेथे सापडली होती. हा लाव्हा डायनोसॉरांच्या, म्हणजे क्रिटेशस काळातला आहे, असे तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिक मानत. वनस्पती पाहून साहनींनी १९३४मध्ये मांडले, की तो त्यानंतरच्या, टर्शरी काळातला असावा. आजच्या मोजमापानुसार हे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, नेमके या दोन काळांच्या सीमेवर झाले. काही थर सीमेच्या अलीकडचे, काही पलीकडचे. साहनींचे म्हणणे बऱ्याच अंशी टिकले.

मग ते मिठाकडे वळले. खेवड्याचे मीठ ज्या खडकांच्या खाली आहे, ते पन्नास कोटी वर्षांहून जुने आहेत. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा हा भूविज्ञानाचा पहिला नियम. त्या हिशेबाने मीठ त्याहूनही जुने ठरते. पण डोंगर घडताना जुने खडक सरकून नव्या थरांवर चढू शकतात, आणि या रांगेत उलथापालथीच्या खुणा जागोजागी आहेत. शिवाय सिंधू नदीपलीकडच्या कोहाटचे मीठ खरोखरच इओसीन काळातले, सुमारे पाच कोटी वर्षांचे आहे. म्हणून खेवड्याच्या मिठाच्या वयावर अनेक दशके वाद चालू होता.

साहनींनी मिठाचे आणि त्याच्या सोबतच्या खडकांचे तुकडे विरघळवले आणि तळाशी उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात लाकडाचे बारीक कण होते, कीटकाचे अवशेष होते. पन्नास कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर ना वृक्ष होते, ना कीटक. तेव्हा मीठ इओसीनचेच असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बाहेरची धूळ नमुन्यात मिसळू नये याची काळजी त्यांनी घेतली होती. १९४४-४५च्या परिसंवादांत यावर जोरदार चर्चा झाली. प्रत्यक्ष डोंगर पायाखाली घातलेल्या अनेक भूवैज्ञानिकांना मात्र ते पटले नाही.

इथे मिठाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. दाब पडला की मीठ लाखो वर्षांच्या ओघात पिठाच्या गोळ्यासारखे वाहते. पुरणपोळी लाटताना पारी जिथे पातळ असेल तिथून पुरण बाहेर येते, तसे मीठ वरच्या थरांतील कमकुवत जागी घुसते. गाळाच्या इतर खडकांपेक्षा ते हलके असल्याने जगात अनेक ठिकाणी ते घुमटासारखे वर आले आहे. पंजाबात त्याने वंगणाचे काम केले. त्याच्यावरून अख्खे पठार वीसेक किलोमीटर दक्षिणेला सरकले आणि त्याची पुढची कड म्हणजेच ही डोंगररांग. वाहणारे, पाण्यात विरघळणारे आणि पुन्हा स्फटिक होणारे मीठ नंतरच्या काळातले कणही पोटात घेऊ शकते.

पुढे पंजाबच्या मैदानात तेलासाठी खोल विहिरी खोदल्या गेल्या. तिथे थरांची उलथापालथ झालेली नव्हती, आणि मीठ जुन्या खडकांच्या खाली, आपल्या मूळ जागीच सापडले. साहनींचे अनुमान दहापटीने चुकले होते. रक्ताच्या तपासणीत त्वचेवरचा जंतू वाढला, तर अहवाल खरा असतो. फक्त तो जंतू रुग्णाच्या रक्तातला नसतो. साहनींना दिसलेले लाकूडही खरे होते, ते त्या समुद्राच्या काळातले नव्हते.

पण पद्धत वाया गेली नाही. आसामच्या तेलक्षेत्रातील थरांची जुळणी करण्यासाठी साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच सूक्ष्म अवशेषांचा उपयोग केला. थर बदलतात तसे त्यांतले परागकण बदलतात, आणि त्यावरून वय ठरवण्याची ही रीत तेलशोधात आजही वापरली जाते. माथेरानला जवळजवळ आडवे असलेले लाव्हाचे थर पनवेलजवळ समुद्राकडे झुकतात. भूवैज्ञानिक या वाकाला पनवेलचेच नाव देतात. त्याच्या पश्चिमेला, समुद्राखाली, लाव्हावर गाळाचे जाड थर साचले आहेत. तिथेच १९७४मध्ये मुंबई हायचे तेल सापडले. अशा खोऱ्यांत थरांचे वय कळणे हा तेलाच्या शोधाचा पाया असतो.

साहनींनी १९४६मध्ये लखनऊला स्वतःची संशोधन संस्था सुरू केली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिच्या इमारतीची पायाभरणी झाली. साहनींनी जमवलेले जीवाश्म बसवून ती कोनशिला घडवली होती. त्यानंतर आठवडाभरातच, १० एप्रिलला हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५७. पत्नी सावित्री साहनी यांनी संस्था उभी केली, आणि ती आजही त्यांच्या नावाने चालते.

त्यांनी ज्याचे वय शोधले, ते सैंधव आज अनेक घरांत आरोग्यदायी म्हणून येते. पण ते पाच कोटी वर्षांचे असो वा पन्नास कोटींचे, त्यातले सोडियम रक्तदाबाला मिठागरातल्या मिठाइतकेच बाधते. त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते, म्हणून घरातले रोजचे मीठ आयोडीनयुक्तच असावे. आणि मीठ कोणतेही असले, तरी प्रौढ व्यक्तीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकच आहे: दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाही नाही.