दप्तराची किल्ली

साकोली तालुक्यातल्या सानगडीला भोसलेकाळातला किल्ला आहे. त्याच्या काळाची हकीकत लिहायची म्हटली तर दगडांपेक्षा कागद अधिक बोलतात, आणि नागपूरकर भोसल्यांचा पेशव्यांशी झालेला पुष्कळसा पत्रव्यवहार दोनशे कोसांवर पुण्याला, सरकारी कुलपाआड पडून होता. एक-दोन वर्षे नव्हे, शंभराहून अधिक वर्षे. ते कुलूप उघडून कागद लोकांपुढे ठेवण्याचे काम वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ज्यांच्याकडे आले, ते गोविंद सखाराम सरदेसाई म्हणजेच रियासतकार.

त्यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. शिक्षण रत्नागिरी, पुणे आणि मुंबई असे झाले आणि १८८९ साली ते बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नोकरीत लागले. महाराजांना वाचून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे, हिशेब पाहणे अशी पडतील ती कामे त्यांनी केली. राजपुत्रांना इतिहास शिकवायचा, पण मराठीत धड पुस्तक नाही. तेव्हा स्वतःच टिपणे काढायला सुरुवात केली. त्यातूनच १८९८ साली मुसलमानी रियासत बाहेर पडली आणि पुढे मराठी रियासतीचे खंड येऊ लागले. नोकरी सांभाळून रात्री लिहिलेला हा इतिहास घरोघरच्या कपाटात जाऊन बसला.

पण त्यांना एक खंत होती. मराठ्यांचा इतिहास लिहायचा आणि मराठ्यांचे सर्वांत मोठे दप्तर मात्र पाहायचे नाही, हे कसे चालावे? १८१८ साली पेशवाई गेली तेव्हा कागदपत्रे इंग्रजांनी ताब्यात घेतली. तीच पुढे पुण्याच्या एलियनेशन ऑफिसात राहिली. रुमालात बांधलेली बाडे, सारी मिळून सुमारे ३५,०००, आणि त्यांतली बहुतेक मोडीत. सरकारने ती नीट राखली, हे मान्य केले पाहिजे. पण राखली ती इतिहासासाठी नव्हे. इनाम कोणाचे, वतन कोणाचे, कोणती सनद खरी, हे ठरवण्याचा तो पुरावा होता. बाहेरच्या माणसाला आत सोडले तर खोटे दावे उभे राहतील, कागद बदलतील किंवा नाहीसे होतील, ही धास्ती होती. ती अगदीच खोटी होती असे नाही. मात्र दावेदार आणि अभ्यासक यांच्यात फरक करणारी व्यवस्था कोणी उभारलीच नाही. दोघांनाही एकच कुलूप.

आज बँकेत, तहसीलीत, इस्पितळात संगणकावर माहितीचे साठे असतात, आणि तेथेही प्रश्न हाच असतो. कोणाला फाइल नुसती वाचता यावी, कोणाला तीत लिहिता यावे, कोणाला ती पुसता यावी आणि कोणाला ती दिसूही नये, याची परवानगी निरनिराळी असते. ही व्यवस्था तपासणारे लोक एक गंमत करतात. ज्याला काही अधिकार नाही अशा नावाने ते मुद्दाम आत शिरतात आणि बंद फाइल उघडून पाहतात. नकार आला की व्यवस्था पास! पण तेवढ्यावर ते थांबत नाहीत. ज्याला वाचायची मुभा आहे त्याला ती फाइल खरोखर उघडते ना, आणि त्याच्या हातून ती बदलत तर नाही ना, हेही पाहावे लागते. सर्वांनाच अडवणारे कुलूप पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण होते आणि दुसऱ्या परीक्षेत नापास होते. पेशवे दप्तराचे तसेच झाले होते.

यापूर्वी दार किलकिले झालेच नव्हते असे नाही. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशांतून वेचे काढले होते आणि न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली त्यांवर महत्त्वाचा निबंध लिहिला होता. पण ती एखाद्याला दिलेली खास सवलत होती.

१९२५ साली सरदेसाई निवृत्त झाले आणि लोणावळ्याजवळ कामशेतला येऊन राहिले. त्याच सुमारास तरुण मुलगा श्यामकांत गेला. अशा वेळी माणूस देवधर्माकडे वळतो. हे कामाकडे वळले. बंगालचे जदुनाथ सरकार त्यांचे जुने स्नेही. त्यांचा शब्द सरकारदरबारी चाले. १९२९ साली मुंबई सरकारने दप्तरातील निवडक कागद छापण्याचे काम सरदेसायांवर सोपवले.

मदतनीस घेऊन ते कामाला लागले. रुमाल सोडायचा, मोडी वाचायची, तारीख बसवायची, महत्त्वाचे तेवढे उतरवून घ्यायचे. पत्रावर तिथी असे आणि साल नसे. मग मजकुरातल्या माणसांवरून आणि मोहिमांवरून साल काढावे लागे. अशा रीतीने १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड बाहेर पडले. पहिला उदगीरच्या लढाईचा, दुसरा पानिपतचा.

पुण्यात मात्र कुरकुर होतीच. ज्यांनी वर्षानुवर्षे दार ठोठावले ते बाहेर आणि एकच माणूस आत, ही तक्रार होती. आणि मला ती रास्त वाटते. काय छापायचे आणि काय ठेवून द्यायचे हे एकाच्या नजरेने ठरले, तर बाकीच्यांनी त्या नजरेवर विसंबायचे किती? सरदेसायांची नजर मोठी होती, हे त्याचे पूर्ण उत्तर नव्हे. थोडे उत्तर त्यांनी स्वतःच दिले. १९३३ साली दप्तराची एक मार्गदर्शिका निघाली. कोणत्या भागात कोणते कागद आहेत, हे तीत सांगितले होते. पुढे दार उघडत गेले तेव्हा नव्या अभ्यासकांना ती उपयोगी पडली. खंडांपेक्षा या लहान पुस्तकाचे मला अधिक कौतुक वाटते, कारण ते हातात असले की सरदेसायांनी न निवडलेला कागदही कोणी शोधू शकतो.

त्यानंतरही ते थांबले नाहीत. ऐंशी उलटल्यावर त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला. १९५७ साली पद्मभूषण मिळाले. १९५८ साली जदुनाथ गेले आणि २९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेतला सरदेसायांनी देह ठेवला.

त्या ४५ खंडांतला विसावा खंड नागपूरकर भोसल्यांचा आहे. सानगडीच्या कोणा मुलाला आपल्या किल्ल्याच्या काळाविषयी कुतूहल वाटले, तर त्याने सुरुवात तेथून करावी. मूळ रुमाल पुण्याच्या पुरालेखागारात आहेत. तेवढी मोडी मात्र शिकून जावी लागेल.