शालूच्या जरीआडचे नारायणराव : बालगंधर्वांच्या वेशभूषेची कहाणी

पिंपरी : जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन पिंपरी-चिंचवडमध्ये भरले. यंत्रांच्या खडखडाटात वाढलेल्या या नगरीत नाटकाचा विषय निघाला की जुन्याजाणत्या रसिकांच्या ओठी एक नाव हमखास येते, ते बालगंधर्वांचे. त्यांच्या गायकीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मात्र एका पुरुष नटाने महाराष्ट्रातील स्त्रियांना नेसण्या-नटण्याचे वळण कसे लावले आणि त्यासाठी स्वतः कोणती किंमत मोजली, ही कथाही तितकीच विलक्षण आहे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा. बालवयातील त्यांचे गाणे पुण्यात लोकमान्य टिळकांच्या कानी पडले आणि त्यांनी दिलेली ‘बालगंधर्व’ ही उपाधी नारायणरावांना जन्मभर चिकटली. त्या काळी स्त्रियांनी रंगभूमीवर येणे समाजाला मान्य नव्हते. त्यामुळे स्त्रीभूमिका पुरुषच करीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि पुढे भाऊराव कोल्हटकरांनी स्त्रीभूमिकांत नाव कमावले. १९०१ मध्ये भाऊरावांचे निधन झाले. त्यांची रिकामी जागा भरून काढण्यासाठी १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले ते तरुण नारायणराव. त्यांची पहिली मोठी भूमिका शकुंतलेचीच होती.

स्त्रीसौंदर्याची एक नवी प्रतिमा त्या सुमारास घरोघरी पोहोचली होती. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून नऊवारी नेसलेल्या देवी आणि नायिकांची रंगीत चित्रे बाहेर पडत होती. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेला हा छापखाना पुढे आपल्या शेजारच्या मावळ तालुक्यात, मळवलीजवळ आला. भिंतीवरच्या चौकटीतील ही खानदानी स्त्री बालगंधर्वांनी रंगमंचावर चालती-बोलती केली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

रंगमंचावरील वेशाने समाजाची आवड घडवावी, हे जगात नवे नव्हते. पॅरिसमध्ये १२ मार्च १८३२ रोजी ‘ला सिल्फिद’ हे बॅले प्रथम सादर झाले. त्यातील मारी ताल्योनी हिच्या पांढऱ्या, तलम, घेरदार झग्याने बॅलेच्या वेशाला कायमचे वळण दिले आणि तिच्या साध्या केशरचनेचे अनुकरण झाले. योगायोग असा, की बरोबर ७९ वर्षांनी, १२ मार्च १९११ रोजी, मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला.

या नाटकात वेशभूषा हीच कथेची किल्ली आहे. श्रीमंतीत वाढलेली भामिनी दागदागिने उतरवून वनमाला नावाच्या साध्या मुलीच्या वेशात वावरते आणि तिला धैर्यधराची खरी पारख होते. पहिल्या प्रयोगाच्या त्याच दिवशी बालगंधर्वांच्या पहिल्या अपत्याचे निधन झाले होते. प्रयोग रद्द करावा, असा विचार पुढे आला. पण नारायणरावांनी तो मानला नाही. पित्याचे दुःख मनात कोंडून ते भामिनीच्या साजशृंगारात रंगमंचावर उभे राहिले. समोरच्या प्रेक्षकांना दिसले ते केवळ भामिनीचे वैभव.

गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. तेथे नकली काही चालत नसे. अस्सल रेशमी शालू, जरीचे शेले, पैठण्या, मोत्यांची नथ, अंबाड्यावरचा ताजा गजरा, नाट्यगृहात दरवळणारे अत्तर असा थाट असे. ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी पाहून परतलेल्या कुलीन घरांतील स्त्रिया तसेच नेसू लागल्या, तसाच गजरा माळू लागल्या. मात्र नारायणराव केवळ श्रीमंती वस्त्रांचे नट नव्हते. १९१९ मध्ये राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’त ते ठिगळाच्या लुगड्यात सिंधू म्हणून आले, तेव्हा प्रेक्षागृहाने डोळ्यांना पदर लावला.

या थाटाचा हिशेब मात्र कधी जुळला नाही. १९२० च्या ‘द्रौपदी’तील मयसभेसाठी पाण्यासारखा पैसा ओतला गेला आणि मंडळी कर्जात बुडाली. काटकसर करून वेश हलका करणे त्यांना सुचलेच नाही, कारण प्रेक्षकाला ते मायबाप मानीत. प्रयोगांमागून प्रयोग करून ते देणे फेडत राहिले. त्याच ओढाताणीच्या काळात, जुलै १९२१ मध्ये, केशवराव भोसले यांच्यासह त्यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले आणि त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला दिले.

पुढे काळच फिरला. बोलपट आला. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्वांनी शालू बाजूला ठेवून संत एकनाथांची भूमिका केली, पण पडद्यावर त्यांचा जीव रमला नाही. ते पुन्हा रंगभूमीकडे वळले. उतारवयात पायांनी साथ सोडली. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. वैभव मात्र परतले नाही. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली.

२०११ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘बालगंधर्व’ हा चित्रपट आला. त्यातील वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या शालूंनी नारायणरावांना कर्जबाजारी केले, त्यांचाच असा गौरव झाला. आज लग्नसमारंभात नऊवारी, नथ आणि गजरा हौसेने मिरवला जातो. त्या हौसेमागे अपत्यशोक गिळून मुखवटा रंगवणारा एक कलावंतही उभा आहे, याचे स्मरण असावे.