ट्यूरिंग आणि कातडीचे गणित

संगणकाच्या पुस्तकात अ‍ॅलन ट्यूरिंग हे नाव तुम्ही वाचले असेल. भाजल्यानंतर उरणाऱ्या व्रणाच्या गणिताशीही त्यांच्या कामाचे नाते आहे, हे मात्र आम्हांलाही उशिराच कळले.

ट्यूरिंग यांचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी नोकरीत होते. आईचा जन्मही तिकडचाच, पोदनूरचा. आईवडील हिंदुस्थानात आणि दोघे मुलगे इंग्लंडमध्ये परक्या घरी, असे बालपणातले पुष्कळ दिवस गेले. शाळेत हॉकी चालू असताना अ‍ॅलन वाकून डेझीची फुले निरखतो आहे, असे चित्र आईने काढले होते.

१९३६ सालचा काल्पनिक यंत्रावरील निबंध, महायुद्धात एनिग्माचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम, हे सर्वश्रुत आहे. पुढे मँचेस्टरला असताना ते पुन्हा फुलापानांकडे वळले. एकसारख्या पेशींच्या गोळ्यातून ठिपके, पाकळ्या कशा निघतात? एकमेकांवर क्रिया करणारी दोन रसायने कमीजास्त वेगाने पसरली तर आपोआप आकृती उमटू शकते, असे त्यांनी १९५२ साली गणिताने दाखवले. त्यांतली एक ठिपक्यांची आकृती तर हाताने आकडेमोड करून काढलेली!

ट्यूरिंग यांनी जखमांवर काम केले नव्हते. पण भाजलेल्या जागी पेशी शिरतात, रसायने पसरतात, कोलॅजन हे प्रथिन तयार होते आणि नवी कातडी आकसते. कोपर किंवा बोटे वाकडी होतात ती या ओढीमुळे. लहान मुलाचा हात असा आखडला तर पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. हा व्रण किती आकसेल, याचा अंदाज घेण्यासाठी नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या गणितज्ञांनी जी समीकरणे मांडली, ती क्रिया आणि विसरणाच्या याच घराण्यातली.

१९५२ सालीच समलैंगिक संबंधांबद्दल न्यायालयाने ट्यूरिंग यांना दोषी ठरवले. तुरुंगाऐवजी संप्रेरकांचे उपचार घेणे त्यांना भाग पडले. ७ जून १९५४ रोजी सायनाइडने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते अवघे ४१ वर्षांचे होते. सरकारने त्यांना २०१३ साली माफी दिली. खरे तर माफी कोणी कोणाची मागायची!

सूर्यफुलातील बियांच्या रांगांवरचे त्यांचे काम अपुरेच राहिले. २०१२ साली मँचेस्टरच्या लोकांनी घरोघरी सूर्यफुले लावली आणि त्या रांगा मोजून पाहिल्या.