विजेचा वेध

बेंजामिन फ्रँक्लिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन नगरात झाला. त्याचे वडील साबण व मेणबत्त्या तयार करीत. कुटुंब मोठे, मिळकत बेताची. त्यामुळे बेंजामिनची शाळा दोनच वर्षांत सुटली. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला. पुढे फिलाडेल्फियात त्याने स्वतःचा छापखाना नावारूपास आणला. १७४८ साली तो भागीदाराच्या हाती सोपवून त्याने निसर्गाच्या अभ्यासास वाहून घेतले.

सप्टेंबर १७५२ मध्ये त्याने घराच्या धुराड्यावर एक उंच लोखंडी सळई उभारली. तिची तार जिन्यातून खाली नेऊन जमिनीशी जोडली. जिन्यात ही तार मध्येच तोडून दोन्ही टोकांना छोट्या घंटा बांधल्या व त्यांच्यामध्ये रेशमी धाग्याने पितळेची गोळी टांगली. डोक्यावर विद्युत्‌भारित मेघ आला की गोळी हलू लागे व घंटा वाजत. कधी कधी गडगडाट नसतानाही त्या वाजत! घंटानाद ऐकताच फ्रँक्लिन निरीक्षणास सज्ज होई.

मेघांतील वीज धन की ऋण, हा त्याचा प्रश्न होता. १२ एप्रिल १७५३ रोजी मेघ गरजू लागताच त्याने एका बाटलीत मेघातील वीज साठविली, तर दुसरीत काचेचा गोल घासून मिळविलेली धन वीज भरली. दोहोंमध्ये बुचाची गोळी टांगली. दोन्ही विजा सारख्या असत्या, तर एका बाटलीने लोटलेली गोळी दुसरीनेही लोटली असती. परंतु गोळी दोहोंमध्ये सारखी हेलकावे घेत राहिली. अर्थात, मेघातील वीज ऋण होती. पुढील आठ वादळांतही हाच अनुभव आला, तेव्हा मेघ नेहमी ऋणभारित असतात असे त्याने ठरविले.

तथापि ६ जूनच्या सायंकाळी एक मेघ धनभारित आढळला. नऊ वादळांच्या साक्षीपुढे एका मेघाची काय मातब्बरी, असे म्हणून फ्रँक्लिनने ती नोंद गाळली नाही. आपण निष्कर्ष काढण्यात घाई केली, हे त्याने लंडनमधील मित्रास पत्राने मोकळेपणी कळविले. मेघ बहुधा ऋणभारित, परंतु क्वचित धनभारितही असतात, असा आपला सिद्धान्त त्याने सुधारला.

हा अभ्यास जिवावरचा होता. त्याच वर्षी रशियात रिखमान नावाचा शास्त्रज्ञ असाच प्रयोग करीत असता वीज अंगावर येऊन मरण पावला. फ्रँक्लिनच्याच सूचनेप्रमाणे उंच इमारतींवर बसविलेल्या, जमिनीत पुरलेल्या विद्युत्‌वाहक सळयांनी मात्र पुढे असंख्य घरे वाचविली.

१७ एप्रिल १७९० रोजी फ्रँक्लिनचे निधन झाले. गर्जणाऱ्या मेघाचा तळ बहुधा ऋणभारित व माथा धनभारित असतो, हे आज आपणांस ठाऊक आहे. स्वतःच्या मताविरुद्ध जाणारी एक नोंद ज्याने जपली, त्याचे पाऊल याच वाटेवर पडले होते.