मार्कोनी, खडकी आणि आमच्या गच्चीवरचा अँटेना



फुजैरात उन्हाळा ओसरला की गच्चीवर बसायचे दिवस येतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या चिरंजीवांनी तिथे एक उद्योग मांडला. लाकडी पट्टी, अॅल्युमिनियमच्या नळ्या, केबलचे तुकडे आणि माझी करवत! हॅम रेडिओसाठी दिशा धरणारा, दोन पट्ट्यांवर चालणारा अँटेना करायचा होता. दोन मीटरच्या लहरीला साधारण एक मीटर लांबीची नळी लागते आणि सत्तर सेंटिमीटरच्या लहरीला तिच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. दुसऱ्या पट्ट्याची कंपनसंख्या पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट असल्यामुळे एकाच केबलवर दोन्ही भागवता येतात, असे त्याने मला समजावले. (परवाना हाती येईपर्यंत प्रक्षेपण नाही, हा घरचा कायदा.)

अशा अँटेनाला यागी-उदा म्हणतात. १९२६ मध्ये जपानमध्ये उदा आणि यागी यांनी तो जगापुढे मांडला. पण लहरीला दिशा देण्याची धडपड त्याआधीची आहे, आणि तिचा एक मोठा अध्याय आपल्या पुण्याजवळ घडला. म्हणून आज गुलिएल्मो मार्कोनीबद्दल.

मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ चा, इटलीतल्या बोलोन्याचा. वडील इटालियन जमीनदार, आई आयर्लंडची. शिक्षण बरेचसे घरीच झाले, विद्यापीठाची पदवी नाही. वडिलांना मुलाचे हे तारांचे वेड म्हणजे पैशांची नासाडी वाटे, आई मात्र पाठीशी उभी राहिली. बोलोन्याचे प्राध्यापक रिगी यांच्याकडून त्याला हर्ट्झच्या विद्युतलहरींची ओळख झाली आणि माळ्यावर प्रयोग सुरू झाले. १८९५ मध्ये त्याने तारेचे एक टोक उंच नेले, दुसरे जमिनीत पुरले आणि संदेश टेकडीपलीकडे गेला. पलीकडे उभ्या असलेल्या भावाने संदेश पोचल्याची खूण म्हणून बंदूक उडवली, असे सांगतात.

१८९६ मध्ये तो आईबरोबर इंग्लंडला गेला आणि पेटंट मागितले. वय बावीस! तिथल्या पहिल्या प्रयोगांत त्याने तांब्याचे वक्र आरसे वापरले होते. बॅटरीच्या दिव्यामागे चकचकीत वाटी असते ना, तसेच. म्हणजे दिशेची कल्पना पहिल्यापासून होती. पण अंतर वाढवायचे तर लांब लहरी हव्यात, असा त्याचा अनुभव झाला. आणि लहर शेकडो मीटरची झाली की आरसा गावाएवढा लागणार. आरसे अडगळीत गेले.

१२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर पतंगाला बांधलेल्या तारेवर त्याला अटलांटिकपलीकडून एस या अक्षराचे तीन टिंब ऐकू आले. खरेच ऐकू आले का, यावर तज्ज्ञ अजून वाद घालतात. त्या वेळच्या ग्राहक यंत्रातल्या पाऱ्याच्या जोडणीचे मूळ जगदीशचंद्र बोस यांच्या १८९९ च्या निबंधात आहे, असेही काही संशोधक दाखवतात. मला विचाराल तर मार्कोनी हा विचारवंतापेक्षा जुळवाजुळव करणारा, जिद्दी आणि धंद्यात पक्का माणूस. १९०९ चे नोबेल त्याला ब्राउन यांच्याबरोबर विभागून मिळाले. १९१२ मध्ये टायटॅनिकची हाक त्याच्याच कंपनीच्या तारायंत्रींनी दिली. त्याच वर्षी कंपनीच्या शेअर्सवरून ब्रिटिश मंत्र्यांची अब्रू चव्हाट्यावर आली. त्यातले रुफस आयझॅक्स पुढे लॉर्ड रीडिंग म्हणून आपले व्हाइसरॉय झाले!

मग लांब लहरींची शर्यत लागली. मैलभर तारा, शेकडो किलोवॅट वीज, अवाढव्य खर्च. दोनशे मीटरच्या खालच्या लहरी निरुपयोगी समजून अमेरिकेने १९१२ मध्ये हौशी लोकांच्या पदरात टाकल्या होत्या. १९२३ मध्ये याच हौशींनी शंभरेक मीटरवर अटलांटिकपलीकडे दुतर्फा गप्पा मारल्या. त्याच सुमारास मार्कोनी आपल्या एलेत्रा नावाच्या बोटीवरून आखूड लहरी तपासत होता. आपण वीस वर्षे चुकीच्या वाटेने गेलो, हे त्याला कळले आणि त्याने ते मान्यही केले. साम्राज्यभर लांब लहरींची केंद्रे बांधायचे घाटत असताना त्याने ब्रिटिश सरकारपुढे उलटाच प्रस्ताव ठेवला: आखूड लहरी, थोडी वीज आणि एकाच दिशेला रोखलेला झोत. १९२४ मध्ये करार झाला. ठरलेल्या कामगिरीपर्यंत केंद्रे पोचली नसती, तर कंपनीचे कंबरडे मोडले असते.

या अँटेनांची रचना त्याचा सहकारी सी. एस. फ्रँकलिन याची. उंच मनोऱ्यांमध्ये उभ्या तारांचा पडदा आणि मागे ठराविक अंतरावर तसाच दुसरा पडदा. मागचा पडदा लहर पुढे ढकलतो. आमच्या गच्चीवरची मागची लांब नळी तेच करते. भारतासाठी प्रक्षेपण केंद्र खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला उभे राहिले. शेजारी ठेवली तर स्वतःच्याच आवाजात इंग्लंडचा क्षीण संदेश बुडाला असता, म्हणून मध्ये सत्तर-ऐंशी किलोमीटर. सप्टेंबर १९२७ मध्ये सेवा सुरू झाली. दिवसा सुमारे १६ मीटरची लहर आणि रात्री सुमारे ३४ मीटरची, कारण वरच्या वातावरणाचा थर सूर्याबरोबर बदलतो. म्हणजे तिथेही दोन पट्टे होतेच की! हे सांगितल्यावर चिरंजीवांनी पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिले.

स्वस्त बिनतारी संदेशांनी समुद्राखालच्या केबल कंपन्यांचा धंदा इतका खाल्ला की १९२९ मध्ये दोघांना एकत्र आणावे लागले. त्यातूनच पुढे केबल अँड वायरलेस झाली.

मार्कोनीची शेवटची वर्षे मला आवडत नाहीत. १९२३ मध्ये तो फॅसिस्ट पक्षात गेला, मुसोलिनीच्या राजवटीत अकादमीचा अध्यक्ष झाला, आणि हे झाकून ठेवण्यासारखे नाही. हातातले काम मात्र थांबले नाही. १९३३ मध्ये त्याने पोपसाठी व्हॅटिकन ते कॅस्टेल गांडोल्फो अशी अर्ध्या मीटरच्या आसपासच्या लहरीवर जोडणी करून दिली. पुन्हा आरसे आले! २० जुलै १९३७ ला रोममध्ये तो गेला, तेव्हा जगभरच्या केंद्रांनी दोन मिनिटे प्रक्षेपण थांबवले.

खडकी-दौंडची सेवा चालवणारी कंपनी १९४७ मध्ये सरकारजमा होऊन ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली, १९८६ मध्ये विदेश संचार निगम. त्याच निगमने १९९७ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावर फ्लॅग केबल घेतली, आणि त्या केबलचा एक फाटा आपल्या फुजैरात वर येतो. म्हणजे आपण आई-दादांशी फोनवर बोलायला लागलो, ते शेवटी केबलवरूनच.

आमचा अँटेना आता तयार आहे. पश्चिमेला हजरचे डोंगर आडवे येतात, म्हणून सध्या तोंड समुद्राकडे करून बांधला आहे. परवान्याची वाट पाहतो आहोत. कोणाला नळ्यांची मापे हवी असतील तर शुक्रवारी चहाला या.