जंजिऱ्याचा सिद्दी, खोकरीचा घुमट

मुरूड-जंजिऱ्याला जाणाऱ्या पर्यटकांची वाट ठरलेली असते. पेण-अलिबागकडून यावे किंवा रोह्याहून घाट उतरून यावे, राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीत बसावे, कलालबांगडी तोफ पाहावी आणि परत फिरावे. धक्क्यापासून थोड्याच अंतरावर असलेल्या खोकरी गावाकडे मात्र क्वचितच कोणी वळते. तेथे तीन भव्य दगडी कबरी उभ्या आहेत. त्यांतील दोन धाकट्या घुमटांपैकी एकाखाली सिद्दी कासीम, म्हणजेच याकूतखान, चिरनिद्रा घेत आहे. जंजिरा अजिंक्य राहिला तो तटबंदीमुळे, असे सांगितले जाते. तटबंदी बळकट आहे यात शंका नाही. तथापि १६७० साली हाच किल्ला एकही तोफ न डागता हातचा जाण्याच्या बेतात होता आणि तो वाचला तो कासीम व त्याच्या साथीदारांमुळे.

त्या वेळी जंजिरा विजापूरच्या आदिलशाहीकडे होता आणि फत्तेखान हा तेथील किल्लेदार होता. शिवाजी महाराजांच्या सततच्या चढायांनी तो जेरीस आला होता. समोरच्या किनाऱ्यावरील दंडा-राजपुरी मराठ्यांच्या हाती पडली होती, बेटावर रसद पोहोचेना. फत्तेखानाने किल्ला सोपवण्याची बोलणी सुरू केली. हे कळताच संबळ, कासीम आणि खैर्यतखान या तीन हबशी सरदारांनी त्याला कैद केले आणि विजापूरची चाकरी सोडून औरंगजेबाचा आश्रय घेतला. आरमार संबळकडे गेले, जंजिरा कासीमकडे आला. सिद्द्यांमध्ये पोटच्या मुलालाच गादी मिळावी असा दंडक नव्हता. जो कर्तबगार, तो नायक, अशी रीत होती. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आलेल्या या मूठभर लोकांची सत्ता इतकी टिकली, त्याचे एक मोठे कारण या रीतीत असावे.

कासीमचे नाव गाजले ते १६७१च्या शिमग्याला. होळीच्या रात्री दंडा-राजपुरीतील मराठी शिबंदी सणाच्या रंगात होती. खैर्यतखानाने जमिनीच्या बाजूने गलबला करीत हल्ला चढवला. शिबंदी तिकडे धावली आणि समुद्राच्या बाजूने कासीमची माणसे शिड्या लावून तटावर चढली. लढाईच्या गर्दीत दारूकोठाराचा स्फोट झाला आणि ठाणे सिद्दीच्या हाती गेले. अनेक कोसांवर असलेले महाराज त्याच क्षणी झोपेतून दचकून जागे झाले, अशी आख्यायिका मोगल इतिहासकार खाफीखानाने नोंदवली आहे. ती खरी मानण्याचे कारण नाही; पण हा घाव किती वर्मी लागला होता, हे त्यावरून कळते.

१६७७ साली मोगल आरमाराची सूत्रे आणि याकूतखान हा किताब कासीमकडे आला. पावसाळ्यात त्याची गलबते मुंबईत माझगावला नांगर टाकीत आणि समुद्र निवळला की किनाऱ्यावर तुटून पडत. आज ज्यांना आपण पेण, रोहा, नागोठणे म्हणून ओळखतो, त्या गावांच्या खाड्या म्हणजे या गलबतांसाठी थेट घरात शिरणाऱ्या वाटा होत्या. गावे जाळणे, धान्य लुटणे, माणसे धरून नेऊन गुलाम म्हणून विकणे, हे सारे या मोहिमांत घडत असे. कोकणच्या लोकस्मृतीत हबशी हा शब्द धास्तीचा ठरला तो उगाच नव्हे. श्रीवर्धनच्या भट घराण्याने सिद्दीच्या जाचापायी घाटाची वाट धरली, असे परंपरा सांगते. त्याच घराण्यातून पुढे पेशवे झाले.

१६७९ साली महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांच्या जोडीने कासीमही तेथे येऊन भिडला. खांदेरी हटली नाही. मग त्याने १६८०च्या जानेवारीत शेजारच्या उंदेरीवर आपले ठाणे बसवले. संभाजी महाराजांनी १६८२च्या सुमारास जंजिऱ्यावर तोफा डागल्या, खाडीत दगड टाकून बेटापर्यंत वाट बांधण्याचे अचाट काम आरंभले. परंतु मोगल फौज कल्याणात उतरल्याने त्यांना माघारी वळावे लागले. १६८९ साली रायगड पडला. पुढे तो सिद्दीच्या ताब्यात गेला आणि १७३३पर्यंत तेथेच राहिला.

त्याच १६८९ साली औरंगजेबाच्या हुकुमावरून कासीम मुंबईवर उतरला. ज्या बंदरात तो वर्षानुवर्षे पावसाळा काढी, त्याच बंदरावर! शिवडीला माणसे उतरवून त्याने माझगाव आणि माहीम घेतले. इंग्रज वर्षभर किल्ल्यात कोंडून पडले. अखेर त्यांनी बादशहाची माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा कुठे १६९०च्या जूनमध्ये सिद्दी मुंबईतून हलला. मुंबईकरांच्या शहराच्या इतिहासात या प्रकरणाला मिळते त्याहून अधिक जागा मिळायला हवी.

कबरीवरील अरबी लेखानुसार याकूतखानाचा मृत्यू हिजरी १११८च्या जमादिलावल महिन्याच्या ३० तारखेला, गुरुवारी झाला. हा १७०६चा सप्टेंबर येतो. म्हणजे ज्याच्या नावाने तो लढला, त्या औरंगजेबाच्या काही महिने आधीच तो गेला. बंधू खैर्यतखान त्यापूर्वीच, १६९६ साली वारला होता. त्याची कबर शेजारीच आहे. तिसरी आणि सर्वांत मोठी इमारत सिरूलखानाची. १७०७ ते १७३४ या काळात तो जंजिऱ्याचा प्रमुख होता आणि आपली कबर त्याने हयातीतच बांधून घेतली, असे म्हणतात. चौरस बांधणी, वर घुमट, भिंतींत कमानी, दगडात कोरलेल्या जाळ्या, असा उत्तरेकडील थाट येथे कोकणच्या पाषाणात उतरला आहे. समुद्रावर आयुष्य काढणाऱ्या या माणसांनी अखेरच्या जागेसाठी मात्र बेट न निवडता जमीन निवडली, ही गोष्ट लक्षात राहते.

या कबरींच्या देखभालीसाठी सावली-मिठागर या गावाचे उत्पन्न लावून दिलेले होते, अशी नोंद १८८३च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरमध्ये सापडते. दर गुरुवारी तेथे कुराणपठण होत असे. ते संस्थान १९४८ साली विलीन झाले.