महदंबेचे सेवादास्य

महदंबा, अर्थात महदाइसा, ही आद्याचार्य श्रीनागदेवांची चुलत बहीण. बालवयातच तिला वैधव्य आले. प्रथम दादोसांच्या संगतीत असलेली ही बाई पुढे सर्वज्ञ श्रीचक्रधरांच्या संनिधानी आली आणि तेथेच स्थिरावली. स्वभाव अत्यंत जिज्ञासू. ऐकलेली गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून घेतल्याविना तिचे समाधान होत नसे. लीळाचरित्रातील कित्येक निरूपणांना तिचा प्रश्नच निमित्त झाला आहे.

सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केले. त्यांच्या आज्ञेनुसार भक्तपरिवार ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस आला आणि महदंबेची खरी कसोटी येथे लागली. शंका विचाराव्या तर निरूपण करणारे स्वामी दृष्टीआड झालेले. समोर श्रीप्रभू, त्यांची चर्या लौकिक दृष्टीला वेड्यासारखी, क्षणात हट्ट, क्षणात रोष. अशा ठिकाणी एका चर्चक बुद्धीच्या वाट्याला चूल आली. शास्त्राचा विषय सुटला असे तिला वाटले असते तर नवल नव्हते.

एकदा श्रीप्रभूंनी तिच्याजवळ धिडरे मागितले. तिने मोठ्या आवडीने करून ताटात वाढले. श्रीप्रभूंनी ते न्याहाळून पाहिले आणि हे धिडरे नव्हे, आहित आहे, असे म्हणून नाकारले. महदंबा पुन्हा चुलीपाशी गेली. प्रभूंना नेमके काय हवे, याचा शोध हाच आता तिचा प्रश्न झाला. पूर्वी जी चिकाटी वचनाचा अर्थ काढण्यात होती, तीच पिठात आणि तव्यावर उतरली. वेदान्ताच्या चर्चेपेक्षा हे सोपे, असे ज्यांना वाटते त्यांनी दुसऱ्याच्या मनाजोगा एक घास करून पाहावा!

पुढे श्रीप्रभूंना विवाहाची इच्छा झाली. परिवाराने सारा सोहळा मांडला, आणि वराला हळद लावताना गातात ते धवळे म्हणण्याचे काम महदंबेकडे आले. लग्नघरी बायका गातातच. त्या नित्याच्या रीतीतून श्रीकृष्ण-रुक्मिणीविवाहाचे धवळे उमटले. श्रीप्रभूंचे प्रयाण इ. स. १२८७च्या सुमाराचे, त्यापूर्वीची ही घटना. धवळ्यांचा उत्तरार्ध तिने नंतर रचला. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून तिची ख्याती आहे ती याच रचनेमुळे.

नागदेवाचार्यांच्या हयातीतच तिचा देह पडला. त्या वियोगाने ते शोकाकुल झाले.